मिग वेल्डिंगची वायर अडखळत येते, रोलरपाशी गुंता होतो

प्रश्न: ०.८ मिमीची साधी वायर आहे. आर्क मध्येच तुटतो, मग वायर धडकन पुढे येते. रोलरचं टेन्शन (दाब) वाढवलं तर गुंता आणखी वाढला. फीड मोटर गेली असेल का?

उत्तर: मोटर उघडू नका, शक्यता फार कमी आहे. पुढे अडथळा असताना टेन्शन वाढवलं की गुंता होणारच. मशीन बंद करा, टिप (टॉर्चच्या टोकाची, जिच्या भोकातून वायर बाहेर येते ती) काढा, रोलर मोकळा करा आणि वायर टॉर्चमधून हाताने ओढून बघा. सहज आली तर टिप बदला. भोकात स्पॅटर (वेल्डिंगचे उडालेले थेंब) अडकलेली टिप साफ करत बसण्यात अर्थ नाही.

प्रश्नकर्ता: केबल सरळ असताना ठीक येते, वळवली की जड.

उत्तर: मग लायनरच, म्हणजे केबलमधली वायर सरकते ती नळी. वायर पूर्ण काढून मशीनच्या बाजूने हवा मारा, काळी भुकटी निघेल. तरी जड वाटली तर नवीन लायनर घाला. आणि रोलरची खाच नक्की बघा: साध्या वायरला व्ही, अ‍ॅल्युमिनियमला यू, फ्लक्स कोरला (आत पावडर भरलेल्या वायरला) दातेरी. दातेरी रोलरवर साधी वायर चालवली की तिचा कीस पडतो आणि तोच लायनरमध्ये साचतो.

आणखी एक: स्पूलचा (वायरच्या रिळाचा) ब्रेकही बघा. फार घट्ट असेल तर रोलर घसरतो.