मदत हवी आहे: बंद पडलेल्या सांजदैनिकाचे जुने अंक शोधता येतील असे कसे करावेत?

दुपारचा अंक छापणं थांबलं की साइटवर उरतो तो ई-पेपर, तोही नुसती पानांची चित्रं. त्यातली बातमी शोधायला गेलं तर हाती काही लागत नाही.

छापील पानं ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके), ग्रेस्केल टिफ चित्रफाइलींमध्ये स्कॅन झाली आहेत. टेसरॅक्ट या ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणाऱ्या) सॉफ्टवेअरला पीएसएम ६, म्हणजे पान हा मजकुराचा एकच ठोकळा समजणारी सेटिंग, दिलं की आठही कॉलम सलग आडवे वाचले जातात, म्हणजे अपघाताच्या बातमीत बाजारभाव! पीएसएम ३ वर (पानाची मांडणी आपोआप ओळखणारी सेटिंग) कॉलम वेगवेगळे होतात, पण जाहिरातींच्या चौकटी मध्येच घुसतात. पातळ न्यूजप्रिंटवर मागच्या पानाची शाई उमटते ती वेगळीच कटकट (स्कॅन करताना मागे काळा कागद ठेवला की बरीच कमी होते).

ओसीआरआधी पान बातमीनिहाय कापून देणारं फुकट साधन कोणतं? आणि डोमेन बदलल्यावर जुन्या लिंकांचे ३०१ रिडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्यावर कायमचं वळवणं) किती वर्षं चालू ठेवावेत?