गाडीच्या विम्याचा हप्ता का वाढला? रिन्यूअलचे तुमचे अनुभव लिहा

परवा रिन्यूअलची मेल आली. गेल्या वर्षीची पॉलिसी शेजारी ठेवून ओळीन् ओळ ताडून पाहिली. गाडी तीच, चालवणारी मीच, क्लेम एकही नाही. गाडीची विम्यातली किंमत एका वर्षाने उतरलेली आणि हप्ता मात्र २२ टक्क्यांनी चढलेला. कारणाची एक ओळसुद्धा नाही, खाली फक्त पैसे भरायचं बटण.

मला हे नीट समजून घ्यायचंय. तुमचा हप्ता किती वाढला, कारण विचारलंत का, काय उत्तर मिळालं, पुढे काय केलंत, सगळं सविस्तर लिहा. आपण निरनिराळ्या देशांत आहोत, तेव्हा रक्कम नको, टक्के सांगा.

*

माझं कारण समोरच्या काचेत निघालं. पुढच्या ट्रकच्या चाकाखालून खडा उडाला आणि काचेचा टिकलीएवढा टवका उडाला. दोन दिवसांत त्याची आरपार रेघ झाली. मला वाटलं, तासाभराचं काम. पण आरशामागे काचेला लागून एक कॅमेरा असतो. लेन सोडली की इशारा तो देतो, पुढे अडथळा आला की ब्रेक त्याच्याच जोरावर लागतो. काच बदलली की तो नव्याने जुळवावा लागतो. गॅरेजवाल्याने सपाट फरशीवर गाडी उभी केली, चारही चाकांतली हवा तपासली, समोर काळ्या-पांढऱ्या चौकोनांचा फलक लावला आणि टेप धरून अंतर दोनदा मोजलं. बिलात काचेपेक्षा या जुळवणीचा आकडा मोठा होता. बंपरमधल्या सेन्सरचंही तेच. गाड्या जास्त सुरक्षित झाल्या हे खरं आणि चांगलंच आहे, पण तेवढ्याच धक्क्याचं बिल आता पूर्वीएवढं येत नाही. माझा हप्ता १७ टक्क्यांनी वाढला.

*

मी १४ वर्षं मोटर क्लेमचं काम केलं, म्हणून वरच्या अनुभवात भर घालते. ‘माझा क्लेम नाही, मग हप्ता का वाढला?’ हे मला रोज विचारलं जायचं. हप्ता ठरताना तुमची स्वतःची नोंद बघतात, तशीच तुमच्यासारखी गाडी, वय आणि परिसर असलेल्या सगळ्यांची मिळूनही बघतात. पहिली स्वच्छ असली तरी दुसरी बिघडू शकते. २०२१ मध्ये गाड्यांत लागणाऱ्या इलेक्ट्रॉनिक चिपांचा तुटवडा पडला. नव्या गाड्या वेळेवर मिळेनात, म्हणून जुन्यांचे भाव चढले, आणि चोरीला गेलेल्या किंवा भंगारात निघालेल्या गाडीपोटी द्यायची भरपाईही चढली. सुटे भाग अडकले की गाडी आठवडेच्या आठवडे गॅरेजात, आणि बदली गाडीचं कव्हर असेल तर तोवरचं भाडं विमा कंपनीकडे. एखाद्या गारपिटीत तर एका दिवसात हजारो गाड्यांचे पत्रे चेपतात. असे फटके पेलण्यासाठी विमा कंपन्या स्वतःही विमा उतरवतात. हा पुनर्विमा महागला की त्याचा भार खालपर्यंत येतो.

नो क्लेम बोनसबद्दलही सांगते. ती क्लेम न केल्याबद्दल मिळणारी टक्क्यांतली सूट आहे. मूळ दर चढला की सूट तेवढीच राहूनही हप्ता वाढतो. बोनस शाबूत ठेवणारं जादा कव्हर घेतलेल्यांचा इथेच गैरसमज होतो. सूट शाबूत राहते, हप्ता नाही. फोनवर हे शांतपणे समजावण्याइतका वेळ आम्हाला मिळत नसे. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

*

पार्किंगमध्ये उभ्या गाडीला एकाने ठोकलं. चूक पूर्ण त्याची, पैसे त्याच्या कंपनीने भरले, तरी माझा हप्ता ९ टक्क्यांनी वाढला. उत्तर मिळालं की एकदा अपघातात सापडलेल्या गाडीचा पुन्हा क्लेम येण्याची शक्यता जास्त धरतात. मला ते पटलं नाही, अजूनही पटत नाही. कंपनी बदलली.

*

लेकीला लायसन्स मिळालं, पॉलिसीत तिचं नाव घातलं आणि हप्ता जवळजवळ दुप्पट झाला. एकाने सुचवलं, मुख्य चालक म्हणून तुमचंच नाव राहू दे. रोज तीच चालवणार असताना असं लिहिणं म्हणजे खोटी माहिती देणं. क्लेमच्या वेळी उघडकीस आलं तर कंपनी हात वर करू शकते, आणि ज्या दिवशी लेकीला खरी गरज असेल त्याच दिवशी ती उघड्यावर पडेल. आम्ही गाडीत वेग, ब्रेक आणि वेळ नोंदवणारं यंत्र बसवून घेतलं. पहिल्या महिन्यात करकचून लावलेले ब्रेक ३१, सहाव्या महिन्यात ४. रिन्यूअलला हप्ता २८ टक्क्यांनी उतरला. मुलगा असता तर जास्त पडला असता का, हेही शोधलं. युरोपीय संघात २१ डिसेंबर २०१२ पासून नव्या पॉलिसींत असा भेद करता येत नाही. वय आणि अनुभव मात्र तिथेही मोजतात.

*

दरमहा भरत असाल तर वर्षाची बेरीज करून बघा. माझ्या हप्त्यावर व्याज लागत होतं आणि ते मी तीन वर्षं पाहिलंच नव्हतं.

*

माझी चूक दुसऱ्या कुणी करू नये म्हणून लिहिते. वाढीव हप्ता पाहून डोकं तापलं आणि रागाच्या भरात फक्त थर्ड पार्टी घेतला. चार महिन्यांनी वादळात भलीमोठी फांदी टपावर कोसळली. थर्ड पार्टीत आपण दुसऱ्याचं केलेलं नुकसान येतं, आपल्या गाडीचं येत नाही. वाचवलेल्या पैशांच्या सहापट गॅरेजला मोजले. यंदा पूर्ण कव्हर घेतलंय, फक्त क्लेममध्ये स्वतः सोसायची रक्कम वाढवून. ओरखडे माझे, मोठं नुकसान कंपनीचं. तेवढ्याने ११ टक्के वाचले.

*

बाबा २१ वर्षं एकाच कंपनीकडे. प्रत्येक पॉलिसी फाईलला लावलेली, वरच्या कोपऱ्यात पेन्सिलने हप्ता लिहिलेला. मी ते आकडे एका कागदावर उतरवले. मधली काही वर्षं सोडली तर नुसता चढ. मग त्याच कंपनीच्या साइटवर तीच गाडी, तीच माहिती भरून नवीन ग्राहक म्हणून कोट, म्हणजे हप्ता किती पडेल तो आकडा, काढला. ३४ टक्के कमी. बाबा बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. “मला वाटायचं, जुना माणूस म्हणून माझी काळजी घेत असतील,” एवढंच म्हणाले.

ब्रिटनमध्ये १ जानेवारी २०२२ पासून याला बंदी आहे. तशाच नव्या ग्राहकाला जो दर दिला असता, त्याहून जास्त दर रिन्यूअलला लावता येत नाही. जिथे असा नियम नाही, तिथे आपणच बघायला हवं. आईवडिलांची पॉलिसी आपोआप रिन्यू होत असेल तर कृपा करून या आठवड्यात फाईल काढा.

*

सगळ्यांचे मनापासून आभार. आज दुपारी फोन केला. त्यांच्या नोंदीत माझं फिरणं वर्षाला १५,००० किलोमीटर होतं, मी घरून काम करायला लागल्यापासून ते ७,००० च्या वर जात नाही. ओडोमीटरचा फोटो पाठवून ते दुरुस्त करून घेतलं. नवीन ग्राहकाचा कोटही काढून ठेवला होता, तो वाचून दाखवला. २२ टक्क्यांची वाढ ८ वर आली. उरलेल्या ८ चं कारण लेखी मागितलंय. पॉलिसी संपायला ११ दिवस आहेत, उत्तर आलं की इथेच लिहिते.