रोडकिंगची चासी कापू नका
तुमच्या वडिलांची जुनी येझदी रोडकिंग मोटारसायकल कापून तिची कॅफे रेसर, म्हणजे रेसच्या ढंगाची सुटसुटीत बाईक, करायचं तुम्ही म्हणताय. कळकळीने सांगतो, चासीला ग्राइंडर लावू नका. ती बनवणारा म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, कापलेलं परत मिळणार नाही. शिवाय गाडीत मूळ नोंदीपेक्षा वेगळे फेरफार करू न देणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतंच.

माझ्याही रोडकिंगचे दोन्ही सायलेन्सर गंजले होते. इथेच नाशकात, सातपूरला, पुन्हा क्रोम चढवून घेतलं. टाकीतला गंज काढण्यात ३ आठवडे गेले. किक आणि गिअरचा एकच दांडा. त्याचं रबर माझ्या वडिलांच्या बुटाने एका बाजूला झिजलेलं. ते मी बदललं नाही, बदलणारही नाही.

तुम्ही आधी क्रँकचे, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्याचे, सील तपासा. हिच्यासारख्या टू-स्ट्रोक इंजिनात तिथून हवा खेचली की पेट्रोल-हवेचं मिश्रण बिघडतं. रंगाचं सगळ्यात शेवटी बघा.