मक्याचे सिरप, उसाची साखर आणि गणेशोत्सवातील पेये

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

गणेशोत्सवाच्या खरेदीची यादी करताना समितीपुढे असा प्रस्ताव आला आहे की, मुलांसाठी हाय फ्रुक्टोज कॉर्न सिरप घातलेला कोला न आणता उसाच्या साखरेचा कोला आणावा, मग तो महाग पडला तरी हरकत नाही. मक्याच्या सिरपने यकृतावर चरबी साचते आणि साखर मात्र नैसर्गिक आहे, असे काही पालकांचे म्हणणे आहे. या विषयाची माहिती असलेल्या सभासदांनी आपले मत शुक्रवारपर्यंत कळवावे, ही विनंती.

आपली,
भोजन समिती

---

समितीस सप्रेम नमस्कार.

निवृत्त होऊन पुण्यात परतलो असलो, तरी मंडळाची पत्रे मी नेमाने वाचतो, आणि माझी सारी नोकरी अन्नपदार्थांच्या प्रयोगशाळेत गेल्यामुळे या प्रस्तावावर लिहिणे मला आवश्यक वाटते. पालकांची काळजी रास्त आहे, परंतु महाग कोला आणल्याने ती दूर होणार नाही.

उसाची साखर म्हणजे सुक्रोज. तिच्या प्रत्येक रेणूत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन साध्या साखरांचा प्रत्येकी एक रेणू जोडलेला असतो, म्हणजे दोहोंचे प्रमाण निम्मे-निम्मे. शीतपेयांत घालतात त्या मक्याच्या सिरपमधील साखरांपैकी सुमारे ५५ टक्के फ्रुक्टोज असते. बेकरीच्या पदार्थांत वापरल्या जाणाऱ्या प्रकारात ते ४२ टक्के, म्हणजे साखरेपेक्षाही कमी असते. शिवाय कोला आम्लधर्मी असल्यामुळे बाटलीत असतानाच सुक्रोजचा जोड हळूहळू सुटू लागतो, आणि जो काही उरतो तो आपल्या आतड्यात सुटतो. यकृतापर्यंत पोहोचणारा माल दोन्हीकडे जवळपास तोच.

मग सिरप आले कशासाठी? मक्याच्या स्टार्चपासून ग्लुकोज काढण्याची विद्या जुनीच होती. त्यातील काही ग्लुकोजचे फ्रुक्टोजमध्ये रूपांतर करणाऱ्या ग्लुकोज आयसोमरेज या विकराचा (एन्झाइमचा) उपयोग अमेरिकेत १९५७ साली दाखवला गेला आणि साठच्या दशकात जपानी संशोधकांनी ही प्रक्रिया कारखान्यात चालेल अशी केली. (याच विकरावर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही मोलाचे काम झाले असून तेथील संशोधकांनी १९९६ साली त्यावर विस्तृत आढावा लिहिला, हे आवर्जून नोंदवतो.) अमेरिकेत आयातीवरील निर्बंधांमुळे साखर महाग आणि मका स्वस्त होता, म्हणून १९८४ साली दोन्ही मोठ्या कोला कंपन्या पूर्णपणे सिरपकडे वळल्या. तो निर्णय निव्वळ पैशांचा होता.

सिरपवर संशयाचे बोट रोखले गेले ते प्रामुख्याने २००४ साली, जेव्हा तिघा अमेरिकी संशोधकांनी सिरपचा वाढता खप आणि वाढता लठ्ठपणा यांचा संबंध असावा असे मांडले. परंतु तेथील सिरपचा दरडोई खप १९९९ च्या सुमारास शिगेला पोहोचून पुढे घटत गेला, आणि लठ्ठपणा मात्र वाढतच राहून २०१७-१८ मध्ये प्रौढांत ४२ टक्क्यांवर गेला. साखर आणि सिरप यांची माणसांवर थेट तुलना करणाऱ्या चाचण्यांतही वजनात उल्लेखनीय फरक आढळलेला नाही.

तथापि फ्रुक्टोजविषयीची चिंता खोटी आहे, असा याचा अर्थ कोणी कृपया काढू नये. ग्लुकोज शरीरातील बहुतेक सर्व पेशी वापरतात; फ्रुक्टोजचा मोठा भाग यकृताकडे जातो, आणि ग्लुकोजचे विघटन जिथे रोखले जाते त्या टप्प्याला वळसा घालून त्याची वाट पुढे जात असल्यामुळे अतिरिक्त फ्रुक्टोजपासून यकृतात चरबी सहज तयार होते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील गटाने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात जादा वजनाच्या प्रौढांना दहा आठवडे रोजच्या ऊर्जेच्या २५ टक्के इतके ग्लुकोजचे किंवा फ्रुक्टोजचे पेय दिले. वजन दोन्ही गटांत सारखेच वाढले, पण पोटाच्या आतील चरबी ठळकपणे वाढली ती फ्रुक्टोजच्या गटात, आणि इन्सुलिनला मिळणारा प्रतिसादही त्याच गटात मंदावला. डेव्हिसच्याच संशोधकांच्या २०१५ च्या प्रयोगात सिरपच्या पेयांचे प्रमाण जसे वाढवले, तसे अवघ्या दोन आठवड्यांत रक्तातील ट्रायग्लिसराइड (एक प्रकारची चरबी) आणि एलडीएल (म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल) वाढत गेले. धोका आहे तो प्रमाणात, आणि ते प्रमाण उसाच्या साखरेनेही तितक्याच सहज गाठता येते. ३५५ मिलिलिटरच्या कोल्याच्या एका डब्यात ३९ ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीनुसार प्रौढाने दिवसभरात ५० ग्रॅमच्या आत, आणि शक्यतो २५ ग्रॅमपर्यंतच राहावे. लहान मुलांची मर्यादा याहून कमी.

इकडे भारतात मक्याचे हे सिरप फारसे वापरले जात नाही, म्हणून आपण सुरक्षित आहोत, अशी समजूत पुण्यातही ऐकू येते. परवा कोथरूडच्या दुकानात बिस्किटाचा पुडा उलटून पाहिला: मैदा, साखर, पामतेल आणि चौथ्या क्रमांकावर इन्व्हर्ट सिरप. ते उसाच्या साखरेपासूनच केलेले, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज सुटे झालेले सिरप असते, म्हणजे घटकांच्या दृष्टीने मक्याच्या सिरपचे सख्खे भावंडच.

मंडळाचा एक जुना सभासद, पुणे

---

काका, सविस्तर पत्राबद्दल मनापासून आभार. मग कोल्याऐवजी गुळाचे पन्हे किंवा मध घालून लिंबाचे सरबत दिले, तर चालेल का? माझ्या सासूबाईंना मधुमेह आहे, आणि फ्रुक्टोजने रक्तातील साखर वाढत नाही असे त्यांनी कुठेसे वाचले आहे.

---

ताई, सासूबाईंनी वाचलेले अर्धे खरे आहे. फ्रुक्टोजने रक्तातील ग्लुकोज लगेच फारसे चढत नाही, म्हणून एकेकाळी मधुमेहींना ते सुचवले जात असे. परंतु ट्रायग्लिसराइडवरील परिणाम लक्षात आल्यावर तो सल्ला मागे पडला. शिवाय मधात फ्रुक्टोजच्या बरोबरीने ग्लुकोजही भरपूर असल्याने त्यांना मधाचे सरबत देऊ नये. मधात साधारण ३८ टक्के फ्रुक्टोज आणि ३१ टक्के ग्लुकोज असते, म्हणजे तो घडणीने मक्याच्या सिरपच्याच जवळचा. गुळात थोडी खनिजे असली तरी मुख्यतः सुक्रोजच असते. अखंड फळांबद्दल मात्र काळजी नको. त्यांतील फ्रुक्टोज कमी असते आणि तंतूंमुळे ते सावकाश शोषले जाते.

पन्हे अवश्य करा, कारण त्यात गूळ किती घालायचा हे आपल्या हातात असते. नेहमीच्या निम्म्याने सुरुवात करून चव पाहावी. समितीला माझी सूचना अशी की, कोला यादीतून वगळावा आणि त्या पैशांत दही आणून आले, हिंग, जिरेपूड, कोथिंबीर आणि मीठ घातलेला मठ्ठा ठेवावा. पंगतीत जिलेबी असेल तर मठ्ठ्यात साखर घालण्याची गरजच नाही, आणि सासूबाईंनाही तो नि:शंकपणे घेता येईल.