केमो चालू आहे, घरी नेताना बुरशीच्या इन्फेक्शनपासून कसं जपायचं?

चिपळूणवाले बाबा:
मुलगा ६ वर्षांचा, एएलएल (रक्ताचा कॅन्सर). इंडक्शन म्हणजे केमोचा पहिला टप्पा संपला, पुढच्या आठवड्यात घरी न्यायला सांगितलंय. अ‍ॅडमिट असताना फंगससाठी शिरेतून इंजेक्शन होतं, आता काउंट (रक्तातल्या पांढऱ्या पेशी) वर आले म्हणून बंद केलं. आमचं घर जुनं, पावसात मागच्या खोलीला ओल येऊन काळी बुरशी धरते ती धरतेच, त्यात गणपती तोंडावर, आईने पोपडे खरवडून रंग द्यायला माणूस सांगून ठेवलाय. शेजारच्या बेडवरच्या मुलाला एएमएल (रक्ताच्या कॅन्सरचाच दुसरा प्रकार) आहे, त्याला व्होरिकोनॅझोल ही फंगसची गोळी चालू आहे, त्याचे वडील म्हणाले एक स्ट्रिप जास्तीची आहे घेऊन जा, उपयोगी पडेल. देऊ का? आणि दही चालतं का, आई रोज फोनवर हेच विचारते.

परीची आई:
दादा ती स्ट्रिप आधी परत करा!! आमच्याकडून झालेली चूक सांगते. लेकीच्या तोंडात पांढरे चट्टे आले म्हणून घराजवळच्या डॉक्टरांकडे नेलं, केमो चालू आहे हे सांगितलं पण कुठलं औषध ते सांगितलंच नाही, त्यांनी इट्राकोनॅझोल दिलं, तेही फंगसचंच. आठवड्याने आधी संडास बंद, मग जबडा दुखतो म्हणून जेवेना, आणि चालताना पायातली चप्पल निसटायला लागली, आम्हाला वाटलं चप्पल मोठी झाली. पाऊल उचलतच नव्हतं हो तिचं. फिजिओ करून करून सुधारलं पण बरेच महिने गेले. तेव्हापासून फाइल घेतल्याशिवाय मी केमिस्टकडेसुद्धा जात नाही.

वॉर्डातली सिस्टर:
ताईंनी सांगितलं ते बरोबर आहे. एएलएलमध्ये व्हिंक्रिस्टिन हे केमोचं औषध असतं, आणि व्होरिकोनॅझोल, इट्राकोनॅझोल, पोसाकोनॅझोल ही औषधं ते लिव्हरमध्ये मोडू देत नाहीत, मग ते अंगात साचतं आणि नसांवर जातं. एएमएलच्या केमोत सहसा व्हिंक्रिस्टिन नसतं आणि त्या मुलांचे काउंट खूप दिवस खाली राहतात, म्हणून त्याला ती गोळी आहे. तुमच्या मुलाला मुद्दामच वेगळं औषध दिलं होतं. फ्लुकोनॅझोल साधं असं पण लोकांना वाटतं, ते तोंडात पांढरे चट्टे आणणाऱ्या कॅन्डिडा बुरशीवर चालतं, धुळीतून येणाऱ्या बुरशीवर, म्हणजे अ‍ॅस्परजिलसवर नाही, आणि व्हिंक्रिस्टिनबरोबर तेही मनाने द्यायचं नाही.
सेप्ट्रान लिहून दिलं असेल तर अजिबात चुकवू नका. ते न्यूमोसिस्टिससाठी असतं, तीही बुरशीच, फुप्फुसात होते. घरी गेल्यावर पालक हमखास विसरतात कारण रोज नसतं, ठरावीक वारीच असतं. कॅलेंडरवर खुणा करा.
ताप १००.४ झाला की लगेच निघायचं. पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत बघू, हे नको. आणि चिपळूणहून मुंबईला पळण्याआधी जवळ कुठे रात्री अँटिबायोटिकचं इंजेक्शन मिळेल ते डिस्चार्जच्या आधीच तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या.

रत्नांग्री:
रंगाचं कॅन्सलच करा राव. खरवडलं की ती बुरशी घरभर उडते, नुसती भिंतीवर असते तेव्हा तरी एका जागी असते. ती खोली बंद ठेवा, पोरगं पुढच्या कोरड्या खोलीत, झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसायचं, आणि पुसताना त्याला दुसरीकडे बसवायचं. रंग द्यायचाच असेल तर तो घरी यायच्या आधी उरकून, धूळ पूर्ण पुसून काढून मगच आणा, पण आठवड्यात ते व्हायचं नाही. पत्री-निर्माल्य, कुंड्यांची माती, शेणखत यातही हेच असतं, तेव्हा माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या पानाफळांखाली) खेळायला सोडू नका. गणपतीला एक वर्ष रंग नसला तर तो काही रागवत नाही 😊
दह्याचं म्हणाल तर आमच्या पुतण्याला उकळलेल्या दुधाचं घरचं ताजं चालत होतं, काउंट पडले की बंद. तुमच्या डाएटिशियनला विचारा, प्रत्येक ठिकाणी वेगळं सांगतात.

चिपळूणवाले बाबा:
स्ट्रिप परत दिली, त्यांनाही सांगितलं की कुणाला देऊ नका. सिस्टर, सेप्ट्रान आहे, सोम मंगळ बुध, मला वाटलं होतं ते खोकल्याचं आहे. रंगाचं आईला सांगितलं तर आधी गप्पच बसली, मग म्हणाली पुढच्या खोलीत मखराच्या मागे नवी चादर लावू, भिंत दिसणार नाही.