डबे जोडायला माणूस अजून मध्ये का शिरतो? स्वयंचलित कपलर आता तरी पूर्ण स्वयंचलित व्हायला हवं

इगतपुरीकर

माझे वडील इगतपुरीला पॉइंट्समन होते. मुंबईकडून येणाऱ्या गाडीचं डीसी इंजिन तेव्हा इगतपुरीला सुटायचं आणि पुढच्या प्रवासाला एसी इंजिन लागायचं. त्यामुळे दिवसरात्र तोडजोड चाललेली असायची. शाळा सुटली की मी बाबांचा डबा घेऊन जायचो आणि फलाटाच्या टोकाला उभा राहायचो. बाबा डब्याच्या टोकाला धक्के झेलणाऱ्या दोन बफरांच्या मध्ये वाकून आत शिरायचे, हुकात कडी टाकायचे, दांडा फिरवून स्क्रू आवळायचे. मग होज पाईप एकमेकांत अडकवून अँगल कॉक, म्हणजे हवेची तोटी, उघडायचे. पाईपात हवा शिरल्याचा फुस्स आवाज आला की ते बाहेर यायचे. तो आवाज येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसायचा.

नोव्हेंबर २०२४ मध्ये बिहारमधल्या बरौनी स्टेशनात इंजिन आणि डब्याच्या मध्ये चिरडून एक कर्मचारी गेला. ती बातमी वाचली आणि पुन्हा ते फलाटाचं टोक डोळ्यांसमोर आलं. त्या दिवसापासून हे लिहायचं मनात होतं.

लोक म्हणतात, आता एलएचबी म्हणतात ते नव्या धर्तीचे डबे आले, मधोमध एकच मोठं कपलर आलं, आता कुठे माणूस मध्ये जातो? जातो. नाशिकरोडला कधी शंटिंग, म्हणजे डब्यांची तोडजोड, दिसलं तर नीट बघा. हे कपलर म्हणजे दोन हातांची बोटं एकमेकांत अडकावीत तसं असतं. त्या वळलेल्या बोटाला नकल म्हणतात. एक नकल उघडी ठेवून डबा हळू टेकवला की ती फिरून मिटते, तिच्या शेपटामागे लॉक स्वतःच्या वजनाने खाली पडतं आणि जोड पक्का होतो. सोडवायचं असेल तर बाजूच्या हँडलने लॉक वर उचलायचं. इथवर माणूस बाहेर. पण ब्रेकच्या हवेचा पाईप, पाच किलो दाबाचा, कोण जोडणार? त्याच्या शेजारचा सहा किलोचा फीड पाईप? डब्यांना वीज देणाऱ्या जाडजूड केबली? त्या माणसालाच जोडाव्या लागतात, आणि त्यासाठी तो मध्येच शिरतो.

माझं म्हणणं एवढंच आहे. लोखंड, हवा आणि वीज, तिन्ही एकाच टेकण्यात जुळतील असंच कपलर नव्या गाड्यांना लागलं पाहिजे. असं कपलर जगात आहे. कार्ल शार्फेनबर्ग या जर्मन माणसाने १९०३ मध्ये ज्याचं पेटंट घेतलं, त्याच घराण्यातली कपलरं आज मेट्रो गाड्यांच्या तोंडाला असतात. मालगाड्यांसाठी युरोपात त्याच धर्तीचं डिजिटल कपलर ठरवलं जातंय, ज्यात हवा, वीज आणि माहितीची तारही आपोआप जुळते. मग आपल्याकडे ते मेट्रोपुरतंच का?

वर्कशॉपवाले

इगतपुरीकर, तुमच्या वडिलांना नमस्कार. माझा जन्म डब्यांच्या दुरुस्तीत गेला, त्यामुळे स्पष्ट बोलतो. तुमची तळमळ खरी आहे, उपाय चुकतोय.

मेट्रोचं उदाहरण इथे लागू होत नाही. मेट्रोची गाडी रोज त्याच डेपोत येते, तीच माणसं तिला पुसतात, आणि तिचं तोंड जोडायची वेळ क्वचित येते, बहुधा बंद पडलेली गाडी ओढायलाच. आपला वॅगन आज नाशिकजवळच्या ओढा स्टेशनात, परवा पंजाबात, महिन्याने ओडिशातल्या खाणीत. त्याच्या तोंडावर कोळशाची भुकटी, सिमेंट, धान्याचा भुसा बसतो. वर इगतपुरीचा पाऊस. विजेच्या जोडाला पुढे झाकण असतं आणि आत बारीक पिना. त्यातली एक पिन वाकली तर गाडी उभी. नकल हे ओतीव पोलाद आहे, चिखलातही मिटतं.

आणि वॅगन तीन लाखांच्या वर आहेत. अर्ध्यांना नवं, अर्ध्यांना जुनं, असं झालं की मधल्या काळात दोन्हींना जोडणारा तिसरा तुकडा हाताने लावावा लागतो. तेवढी वर्षं माणूस मध्ये जास्त वेळ राहील, कमी नाही. युरोपने १९७० च्या दशकात सगळीकडे स्वयंचलित कपलर लावायचं ठरवलं होतं आणि याच अडचणीत ते बारगळलं.

जेलरोडचा पासधारक

मी रोज पंचवटीने जातो. मला जोडण्यापेक्षा तुटण्याची भीती जास्त वाटते. जुलै २०२४ मध्ये कसाऱ्याजवळ पंचवटीचे डबे वेगळे झाले होते, आठवतंय ना? कुणाला इजा झाली नाही. पण हे नवं मजबूत कपलर म्हणायचं आणि डबे सुटतात कसे? शिवाय धक्के. जुन्या निळ्या डब्यात एवढे बसत नव्हते. गाडी सुटताना एक हिसका बसतो, वरच्या फळीवरची पाण्याची बाटली खाली येते. आईला गुडघ्याचा त्रास आहे, ती दार धरून उभी असली तर तोल जातो.

वर्कशॉपवाले

दादा, दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हिसका येतो तो कपलरच्या मागे बसवलेल्या ड्राफ्ट गिअरमुळे, म्हणजे धक्के झेलणाऱ्या भागामुळे. जुन्या डब्यांना दोन बाजूंना दोन बफर होते आणि मधला स्क्रू आवळून बफर एकमेकांवर दाबून ठेवायचे. डबे घट्ट बसायचे. मधल्या कपलरला बाजूचे बफर नाहीत. ओढ आणि दाब दोन्ही त्या एकाच ठिकाणी, तिथे थोडी मोकळीक राहिली की हिसका. त्यावर सुधारित, समतोल ड्राफ्ट गिअर आले आहेत आणि फरक पडतो.

पण एक लक्षात ठेवा. जुन्या डब्यांचे अपघात मी पाहिले आहेत. मागचा डबा पुढच्यावर चढायचा, आत घुसायचा. एलएचबीचं टाइट लॉक कपलर दोन डब्यांना वरखाली सरकू देत नाही, म्हणून चढत नाहीत. बाटली पडलेली परवडली.

तुटण्याबद्दल सांगतो. गाडी तुटली की हवेचा पाईपही तुटतो, हवा निघून जाते आणि दोन्ही तुकड्यांना आपोआप ब्रेक लागतात. घाटात मागचा तुकडा गडगडत खाली जात नाही तो यामुळेच. ही हवेचा ब्रेक काढणाऱ्या वेस्टिंगहाऊसच्या काळापासूनची युक्ती आहे. आणि डबे सुटण्याचं एक मोठं कारण म्हणजे लॉक पूर्ण खाली न बसणं. बाहेरून नकल मिटलेली दिसते, आत लॉक अधांतरी. म्हणून जोडल्यावर वाकून खूण बघायची आणि एकदा ओढून बघायचं. ते बघायलाही माणूसच लागतो.

मनमाड यार्ड

मी आज हे काम करतो. नाव लिहीत नाही.

नियम सगळ्यांना पाठ आहे. इंजिन पूर्ण थांबलं, ड्रायव्हरला खूण पोचली, त्याच्याकडून उलट खूण आली, मगच आत. कागदावर यात मरण नाही. पण रात्री अडीचला धुकं असतं, बत्ती नीट दिसत नाही, वॉकीटॉकीवर दोन यार्डांचे आवाज मिसळतात, आणि वरून विचारणा सुरू असते की अजून किती वेळ. त्यात होज पाईप हिवाळ्यात कडक होतो. त्याची मूठ दुसऱ्या मुठीत बसवायला दोन्ही हात आणि गुडघा लावावा लागतो. पाठ इंजिनाकडे. त्या अर्ध्या मिनिटात आपण पूर्णपणे दुसऱ्याच्या हातावरच्या ब्रेकवर जगत असतो.

वर्कशॉपवाले काका, तुमचा मुद्दा बरोबर असेल. पण पिन वाकली तर गाडी उभी राहते, एवढंच ना? राहू दे उभी.

सिन्नर फाटा

मी पॉलिटेक्निकला शिकवतो, म्हणून इतिहासातलं थोडं. अमेरिकेत आधी कडी आणि खिळा अशी पद्धत होती. डबा येत असताना माणूस मध्ये उभा राहून कडी हाताने धरायचा आणि खिळा टाकायचा. बोटं गेलेला माणूस दिसला की तो रेल्वेतला जुना जाणता, असं लोक ओळखायचे. ईलाय जॅनीने १८७३ मध्ये नकलवाल्या कपलरचं पेटंट घेतलं. तो इंजिनिअर नव्हता, कापडाच्या दुकानात काम करायचा. म्हणजे वस्तू १८७३ मध्ये हजर होती. कंपन्यांनी सगळीकडे लावली का? नाही, खर्च दिसला. लोरेन्झो कॉफिन नावाचा आयोवाचा एक शेतकरी वर्षानुवर्षं सभा घेत, पत्रं लिहीत फिरला, तेव्हा मार्च १८९३ मध्ये कायदा झाला. यंत्रापासून कायद्यापर्यंत वीस वर्षं. त्या वीस वर्षांत गेलेले हात तंत्रज्ञान नव्हतं म्हणून गेले नाहीत.

आणि मधल्या काळाच्या गोंधळाबद्दल. जपानने १७ जुलै १९२५ ला, मुख्य बेटावरच्या वॅगनांची कपलरं जवळजवळ एका दिवसात बदलली. गोंधळाचा काळच ठेवला नाही.

वर्कशॉपवाले

सर, जपानचं पूर्ण सांगा. त्याआधी कित्येक वर्षं तयारी चालली होती. नवी कपलरं आधीच वॅगनांच्या पोटाखाली टांगून ठेवली होती, कामगारांचा सराव करून घेतला होता. आणि ते फक्त लोखंड होतं. वीज नाही, माहितीची तार नाही.

मला यापेक्षा सोपा रस्ता दिसतो. तोडजोडच कमी करा. साईनगर शिर्डीची वंदे भारत फेब्रुवारी २०२३ पासून नाशिकरोडवरून जाते. तिचे डबे कायमचे जोडलेले आहेत, इंजिन वेगळं नाही, थळ घाटातला, म्हणजे कसारा घाटातला, १ ला ३७ चा चढ ती बँकरशिवाय, म्हणजे मागून ढकलणाऱ्या जादा इंजिनाशिवाय, चढते. निजामुद्दीन राजधानी पुढे एक आणि मागे एक इंजिन लावून चढते, तिलाही कसाऱ्याला बँकर लागत नाही. अमृत भारतलाही दोन्ही टोकांना इंजिन. कसाऱ्याला बँकर जोडायला आणि इगतपुरीला सोडायला जो माणूस मध्ये जायचा, त्याचं कामच संपलं. महागडं कपलर न लावता.

दत्तमंदिर रोडची

काका, प्रवासी गाड्यांपुरतं तुमचं शंभर टक्के पटतं. माझ्या माहेरी निफाडला कांदा आणि द्राक्षं. ७ ऑगस्ट २०२० ला देवळालीहून पहिली किसान रेल सुटली. नंतर कोल्हापूरकडून येणारे डबे मनमाडला तिला जोडले जायचे. शेतकऱ्याचा माल असाच जातो. इथून चार डबे, तिथून तीन, वाटेत दोन काढा. सगळी गाडी कायमची जोडून ठेवली तर लहान शेतकऱ्याचे दोन डबे कुणी घेणार नाही, तो ट्रककडे जाईल. तोडजोड संपवणं म्हणजे अर्धी रेल्वे संपवणं. मग ती तोडजोड करणाऱ्याचं काय?

जेलरोडचा पासधारक

ताई, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी फक्त माझ्या सीटवरून बघत होतो.

इगतपुरीकर

वर्कशॉपवाले काका, बँकरचा मुद्दा मी मान्य करतो. मी सुरुवात कसाऱ्याच्या बँकरपासून करा असंच लिहिणार होतो. मग लक्षात आलं, बँकरला नवं तोंड लावून उपयोग नाही, कारण समोर रोज वेगळ्या गाडीचा शेवटचा डबा येतो. तिथे दोन्ही टोकांना इंजिन हाच उपाय.

पण मालडब्यांना ते लागू नाही, आणि मनमाडच्या भावाने जे लिहिलं ते मला आज झोपू देणार नाही. म्हणून मागणी थोडी बदलतो. विजेच्या पिना नकोतच. मालवॅगनला डब्यातल्या दिव्यापंख्यांची वीज लागतच नाही. फक्त हवा. कपलरच्या तोंडातच हवेचं छिद्र आणि रबराचं वॉशर, दोन तोंडं टेकली की पाईप जुळला. त्यात वाकायला पिन नाही. स्विस रेल्वेच्या मालवाहतूक शाखेने २०१९ पासून काही गाड्यांवर अशी आपोआप हवा जोडणारी कपलरं चालवली आहेत, आणि तिथे बर्फ पडतो. आपण नव्या पार्सल डब्यांचा एक ठरावीक ताफा घ्यावा, जो याच मार्गावर फिरतो, आणि त्याच्यापासून सुरुवात करावी. तीन लाख वॅगनांची गोष्टच नको.

वर्कशॉपवाले

फक्त हवा म्हणत असाल तर विचार करता येईल. तरी वॉशरची झीज, धुळीने गळती, हे मी सोडणार नाही. गळती असली तर ब्रेकचा दाब धरत नाही आणि घाटात ते चालत नाही. इगतपुरीहून उतरणाऱ्या प्रत्येक गाडीचे ब्रेक तपासूनच सोडतात, तेव्हा पहिल्याच पावसाळ्यात कळेल. आणि त्या ताफ्याला कुठलंही इंजिन चालणार नाही, तशाच तोंडाची इंजिनं राखून ठेवावी लागतील. ते करायला कोण तयार होईल, हा माझा खरा प्रश्न आहे.

वॉशर बदलायचं तर तेही बाजूने उभं राहून बदलता आलं पाहिजे. नाहीतर जोडणारा वाचेल आणि दुरुस्ती करणारा मध्ये जाईल.

मनमाड यार्ड

काका, हे शेवटचं वाक्य कुणीतरी नकाशा काढणाऱ्याच्या टेबलावर नेऊन ठेवा.

२०२७ च्या सिंहस्थाला जादा गाड्या येतील. जितक्या जादा गाड्या तितकी इंजिनं फिरवायची, तितकी तोडजोड. नवं कपलर तोवर येणार नाही, ते मला कळतं. तोवर यार्डाच्या टोकाला चांगला उजेड आणि शंटिंगला स्वतंत्र वॉकीटॉकी चॅनेल, एवढं जरी मिळालं तरी आम्ही वाट बघू. माझी ड्युटी दहाला आहे, निघतो.

इगतपुरीकर

सांभाळून जा, भाऊ. सुटल्यावर इथे एक ओळ टाका.

मनमाड यार्ड

सकाळचे सव्वासहा. सुटलो. रात्री अकरा वेळा आत गेलो.