तीस-चाळीसच्या साईटवर नऊ माणसांचं घर: जिना आत की बाहेर?

साईटवाला
बेळगावात 30×40 ची साईट आहे, रस्ता पूर्वेला. नियमाप्रमाणे कडेची जागा सोडून 24×32 फूट उरतात. माणसं नऊ: आजी-आजोबा (दोघांचेही गुडघे गेलेत), आई-बाबा, आम्ही दोघे भाऊ, दोघांच्या बायका आणि एक लेक. आत्ता तळमजला आणि वर एक मजला, दुसरा पाच-सहा वर्षांनी. इंजिनिअर म्हणतात जिना बाहेरून काढा, उद्या वरचा मजला भाड्यानं देता येईल. आई म्हणते, मग घर एक राहणार नाही. स्वयंपाकघर एक ठेवावं की दोन?

ओळंबा
जिना आत घ्या, पण सोप्यातून, म्हणजे दाराशी असलेल्या पुढच्या खोलीतून. पुढच्या दारातून सोप्यात यायचं, तिथून एक दार हॉलात आणि शेजारून जिना वर. भाडेकरू ठेवलाच तर हॉलचं दार लावलं की झालं. बाहेरच्या जिन्यावर नैऋत्येचा झोत चार महिने बसतो, पायऱ्यांवर शेवाळ धरतं.

माप आधी कागदावर धरा. मजल्याची उंची 10 फूट, पायरी 6 इंच चढ म्हणजे 20 चढ. मधे वळण घेतलं तर एका बाजूला 10 चढ, 9 पावठे (पाय ठेवायची जागा), 11 इंचांनी सव्वाआठ फूट, शिवाय साडेतीन फुटांचा मधला चौथरा. म्हणजे जवळपास 12 फूट लांब, साडेसात फूट रुंद. जागा वाचवायला साडेसात इंचांचा चढ सुचवतील, ऐकू नका. गुडघ्यांना ते दीड इंच कळतात.

परसबाग
आजी-आजोबांची खोली हॉलला लागून, बाथरूम आतच, निदान 5×8. दार 3 फुटांचं आणि बाहेर उघडणारं. आत उघडणाऱ्या दारामागे कुणी पडलं तर बाहेरून दार ढकलता येत नाही. कडी बाहेरून उघडणारी हवी. उंबरा नको, पण मग पाणी खोलीत येतं. म्हणून न्हाणीच्या कडेला आडवी लांब जाळी आणि तिच्याकडे आठ फुटांत दीड इंच उतार. फरशी खरखरीत, चकचकीत नको.

कमोडची बैठक 18 इंचांवर, आधाराचा दांडा जमिनीपासून 27 इंचांवर. टॉवेलचा दांडा या कामाचा नाही.

स्वयंपाकघर मात्र एकच ठेवा. वर फक्त चहापुरता ओटा.

भाकरी_थापणारी
एकच? दोन सुना आणि सासू, 24 फुटांत? वर पूर्ण ओटा नको असेल तर निदान सांडपाण्याचा पाईप, नळाची लाइन आणि 16 अँपिअरचा पॉइंट आत्ताच काढून ठेवा. नळ नंतरही ओढता येतो. सांडपाण्याचा पाईप मात्र स्लॅब फोडल्याशिवाय जात नाही. खालच्या ओट्याची उंची 33 इंच, पण भाकरी थापायला 30 इंचांचा तुकडा वेगळा करा. खांदे भरून येत नाहीत.

साईटवाला
दांडा नंतर बसवला तर चालेल ना? भिंत चार इंची पोकळ ब्लॉकची आहे.

ओळंबा
नाही चालणार. पोकळ ब्लॉकमध्ये स्क्रूला धर मिळत नाही, ऐन वजन पडलं की दांडा हातात येतो. गिलाव्याआधी दांड्याच्या जागेचे ब्लॉक काँक्रीटनं भरून घ्या आणि कुठे भरलेत त्याचा फोटो काढून ठेवा, टाइल बसल्यावर काही दिसत नाही. दांडा आणि भिंत यांत 2 इंचांची फट राहू द्या, बोटं अडकत नाहीत.

आणखी दोन गोष्टी. वरचं बाथरूम खालच्या बाथरूमवरच आणा, पाईप सरळ उतरतात. आणि लेकीची खोली आजी-आजोबांच्या डोक्यावर नको. पाण्याचा हिशेब माणशी 135 लिटर, म्हणजे रोज सव्वाबाराशे. नळ तीन दिवसांआड येत असेल तर सुमारे 4000 लिटरचा संप (जमिनीखालची पाण्याची टाकी) हवा: 6×5 फूट, पाण्याची खोली 5 फूट. संडासाच्या टाकीपासून तो शक्य तितका लांब ठेवा.

पाया आत्ताच तीन मजल्यांचा काढायला सांगा. सोडलेल्या कॉलमच्या सळ्या पाच पावसाळ्यांत गंजून पातळ होतात. त्यांना सिमेंटची रबडी लावून वर कच्च्या (कमी सिमेंटच्या) काँक्रीटचा कोट चढवा. पुढे फोडून काढता येतो.